नसल्यासारखी काच

ते एकोणीसशे अकरा साल. त्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या येना गावची नदी इतकी आटली होती की पुलाच्या कमानींखाली मुलं कोरड्या पायांनी हिंडत. पुढे कित्येक वर्षं लोक 'तो उन्हाळा' म्हणून त्याच्या गोष्टी सांगायचे. थेक्ला हेनिगरला मात्र ते साल आठवायचं ऑक्टोबरातल्या एका मंगळवारसाठी. ती पदार्थविज्ञान शिकवायची त्या मुलींच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती त्या दुपारी एकटी होती. टेबलावर आर्क दिवा फुसफुसत होता. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये पांढरीफेक ज्योत पेटलेली, तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. समोर ओकच्या लाकडाची पेटी, पेटीत जस्ताची घासूनपुसून चकचकीत केलेली पाटी, पाटीखाली वीज आहे की नाही ते दाखवणारा विद्युतदर्शक आणि त्यात सोन्याच्या वर्खाचं नखभर पान. लाखेची कांडी लोकरीवर घासून तिने ती पाटीला लावली होती. ऋण विजेने भारलेलं पान दांडीपासून दूर सरकून तिरपं उभं होतं. दिव्याच्या उजेडाने वीज निघून जाऊन त्याने आता पडायला हवं होतं. आठवडाभर त्याने पडायला हवं होतं, आणि आठवडाभर ते ढिम्म उभं होतं. वैतागून तिने पेटीच्या तोंडाची काच वर ओढून काढली, काचेवर अंगठ्याचा एक ठसा दिसला होता तो एप्रनला पुसावा म्हणून. पुसता पुसता तिचं लक्ष गेलं. पान पडत होतं. थकलेल्या माणसाचा हात मांडीवर येतो तसं, घाई न करता, पण थांबायचं नाही अशा बेताने.

माझी बाही लागली असेल, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. बाई म्हणून जगताना ही सवय अंगात मुरते. काही बिघडलं की आधी स्वतःची बाही आठवते. मुलांच्या शाळेतल्या ज्या मास्तरांकडून दिवा उसना आणला होता ते हसून म्हणालेच होते, "हवा दमट आहे, हेनिगरबाई, आणि त्यात बायकांच्या हाताला घाम फार. वीज टिकायची कशी?" टिकण्याची अडचण नव्हतीच. वीज जात नव्हती हीच अडचण होती, पण हे त्यांना समजावून सांगायला ती थांबली नव्हती. आता तिने हात मागे बांधले. पाटी पुन्हा भारली. काच खोबणीत घातली, पान उभं. काच काढली, पान पडलं. पुन्हा काच, पान जिथल्या तिथे थबकलं. तिच्या कानांत धडधड व्हायला लागली. खाली कुठेतरी मुलींचं गाणं चाललं होतं, तेही त्या धडधडीच्या तालावर चालल्यासारखं वाटलं. ती खुर्चीत बसली आणि लगेच उठली. म्हणजे दमट हवा नव्हे, जस्त नव्हे, हात नव्हे. ज्या एका वस्तूवर संशय घ्यायचं आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही येत नाही, ती वस्तू. अर्धं येना काच ओततं आणि उरलेलं अर्धं ती घासतं. इथे मूल रांगायच्या आधी भिंगातून बघतं. प्रयोग फसला तर इथला माणूस हवेला दोष देईल, दिव्याला देईल, स्वतःच्या आईला देईल, पण काचेला नाही. आणि ही काच तर बाबांची होती.

बाबा, म्हणजे ट्राउगोट हेनिगर, हयातभर कारखान्यात भिंगं घासत आले होते. त्यांच्या नखांतली घासायची लाल पूड रविवारी चर्चमध्येही निघालेली नसायची. थेक्ला लहान होती तेव्हा त्यांचा एक खेळ असे. तिने डोळे मिटायचे, मग बाबा तिच्या तोंडासमोर लाकडी चौकट धरणार, कधी काच घातलेली, कधी रिकामी, आणि विचारणार, "आहे की नाही?" हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, नुसतं बघून सांगायचं. ती 'नाही' म्हणाली आणि काच निघाली की बाबांचा चेहरा असा उजळायचा की ती पुढे पुढे मुद्दामच चुकायला लागली. "काच कशी असावी, थेक्ले?" "नसल्यासारखी." "शाब्बास." गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. नजर कडेकडेने विझत चालली होती, मध्ये नाण्याएवढा उजेड उरला होता. कारखान्याने पेन्शन दिली आणि भिंतीवर लावायचं एक घड्याळ. त्यानंतर बाबा खिडकीत बसून राहायला लागले. बोटं मात्र मांडीवर गोल गोल फिरत राहायची. एकदा सूप पिताना तिने सहज म्हटलं, दिव्याची गरम हवा पाटीपर्यंत जाऊन घोटाळा करील, मध्ये आडोसा हवा आणि त्यातून उजेड तर आला पाहिजे. बाबांची बोटं थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या सुताराकडून ओकची फळी आणवली. काच त्यांनी बोटांनी पाहत घासली, गालाला लावून पाहत घासली. पुरी झाली तेव्हा चौकट तिच्यासमोर धरून म्हणाले, "आहे की नाही?" तिला खरोखरच कळलं नव्हतं. "ही शेवटची," ते म्हणाले, "पण हिच्यातून देवाचा सगळा उजेड जाईल. एक किरण अडायचा नाही."

आणि नेमका जो किरण हवा तोच अडत होता. युनिव्हर्सिटीत बायकांना प्रवेश मिळाल्यावर पहिल्या तुकडीत थेक्ला होती. तिथे ऐकलेलं एक व्याख्यान आता तिला आठवलं. उजेड धातूवर पडला की धातूच्या पृष्ठभागातून ऋण विजेचे कण, इलेक्ट्रॉन, उडून बाहेर पडतात. पण कुठल्याही उजेडाने नाही. तांबडा उजेड कितीही झगझगीत टाका, जस्ताला त्याचा पत्ताही लागत नाही. जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड मंद असला तरी टाकल्याबरोबर कण सुटायला लागतात. जस्त उजेडाचा जोर बघत नाही, जात बघतं. असं का, हे तेव्हा तिथल्या मोठमोठ्या लोकांनाही धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणत उजेड सलग येतच नाही, पुड्यांनी येतो, आणि बाकीचे हसत. बाकांवर मागे बसलेले मुलगे कंटाळून पाय घासत होते आणि थेक्लाला एकदम आई आठवली होती. पहाटे गजराचं घड्याळ घर दणाणून सोडायचं, बाबा कूस बदलायचे. मग आई स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात, शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येईल न येईल असं, म्हणायची, "ट्राउगोट." आणि बाबा उठून बसायचे. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण व्याख्यानाच्या खोलीत, शंभर पुरुषांमध्ये, थेक्लाला तो आवाज ऐकू आला होता आणि तिला वाटलं होतं, मला हे कळलं. या गावात मला एकटीला हे कळलं.

काच अतिनीलाला भिंत असते, हेही तिथे कुणीतरी एका वाक्यात सांगितलं होतं. ऐकलं होतं आणि विसरलं होतं. कारण ती हेनिगरची मुलगी होती.

दार ढकलून शिवणकामाच्या माल्विन टॉप्फबाई आत आल्या. त्यांच्या गळ्यात मापाची फीत, ब्लाऊजवर टाचण्यांची रांग. ही खोली त्यांनाही हवी होती. शुक्रवारी शिक्षण-निरीक्षक क्लुगे येणार होते. प्रयोग बघून ते ठरवणार, खोली पदार्थविज्ञानाला द्यायची की शिवणयंत्रांना. "काय गं, पडलं का तुझं पान?" त्या म्हणाल्या. "नसेल पडत तर मला आत्ताच सांग. यंत्रं जिन्यात उभी आहेत, बिचारी थंडीने काकडतायत."

"पडलं," थेक्ला म्हणाली.

"मग तोंड असं का? कुणी मेल्यासारखं?"

थेक्लाने माल्विनला करून दाखवलं. काच घातली, काढली, घातली. माल्विनने दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिला पदार्थविज्ञानातलं काही कळत नव्हतं, पण म्हाताऱ्या हेनिगरांना ती ओळखत होती. चर्चमधून परतताना तिची पिशवी तेच धरायचे आणि ती धांदरट आहे असं तिच्या तोंडावर सांगायचे. "शुक्रवारी येणार आहेत ना तुझे बाबा?" ती म्हणाली. "कोटाला ब्रश मारून ठेवलाय, मला काल सांगत होते. सगळ्या गल्लीला सांगून झालंय." मग म्हणाली, "फोडून टाकू का? माझ्या हातून पडली म्हणायचं. मी धांदरट आहेच. तू काच न लावता प्रयोग कर, त्यांना कळायचंही नाही."

"दुसरी घासायला बसतील," थेक्ला म्हणाली. "त्या डोळ्यांनी."

"हो. बसतील खरे," माल्विन म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी बाबा बटाटे सोलत बसले होते, रविवारी उकडतात त्या बटाट्याच्या गोळ्यांसाठी नव्हे, नुसते हाताला काम म्हणून. सालं लांबच लांब, एकही तुटलेलं नाही. "पडलं का?" तिची पावलं जिन्यात वाजली की रोज हाच प्रश्न. ती म्हणाली, "पडेल, बाबा." "गरम हवा शिरत नाही ना पेटीत? काच घट्ट बसलीय ना खोबणीत?" "घट्ट बसलीय." "मग पडेल. काचेकडून काही कमी नाही." आत्ता सांगावं, तिला वाटलं, आत्ता, हा बटाटा संपला की. तो बटाटा संपला, दुसरा संपला. तिच्या मनात आनंद उसळ्या मारत होता आणि तो आनंदच तिला लाज आणत होता. दुपारपासून ती जिना चढत नव्हती, तरंगत होती. पेठेत भाजलेल्या सॉसेजच्या धुरातून येताना तिला वाटलं होतं, या सगळ्या दगडांवरून, पुतळ्यांवरून, पत्र्यांवरून आत्ता कण उडत असतील आणि कुणाला पत्ता नाही. आणि या आनंदाच्या नेमक्या मध्यावर बाबांची काच, उभी, स्वच्छ, नसल्यासारखी. न सांगता काच बाजूला ठेवली तर? बाबा शुक्रवारी आले की पहिल्यांदा पेटीच्या खोबणीवरून बोट फिरवणार. सांगितलं तर? मग ते येणारच नाहीत. कोट खुंटीवर राहील. त्या कोटाकडे बघत तिने मनाशी काहीतरी ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला भीती वाटली. भीतीसुद्धा आनंदासारखीच उसळत होती, दोन्हींतला फरक कळेनासा झाला होता.

शुक्रवारी निघताना तिने आईचा ब्रोच कॉलरला लावला. पातळ स्फटिकाची पारदर्शक चकती, मागून उघडी, नुसत्या चांदीच्या कड्यात बसवलेली. लग्नाच्या वेळी तो स्फटिक बाबांनी स्वतः घासला होता. त्यांनी हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "बरं केलंस."

खोली भरली होती. पुढे मुली, बाजूला क्लुगेसाहेब, जाडजूड, हातात टोपी, चेहऱ्यावर जेवणाआधीचा कंटाळा. मागे दाराशी बाबा, त्यांच्या शेजारी माल्विन. थेक्लाने पेटीच्या तोंडावर काळा पुठ्ठा लावला होता, मध्ये तळहाताएवढं भोक, म्हणजे काचेच्या कडा दिसू नयेत. पाटी भारली, पान उभं राहिलं, दिवा पेटला. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला, "आधी एक खेळ आहे. या भोकात काच आहे की नाही? हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही."

मागे बाबांनी मान वर केली.

मुली उठून उठून बघायला लागल्या. आहे, नाही, आहे गं, छे. क्लुगेसाहेबांनी चष्मा सरसावला, वाकले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "रिकामं आहे."

"दिव्यालाही विचारू," थेक्ला म्हणाली. "उजेड पाटीवर पडलेला सगळ्यांना दिसतोय. काच नसेल तर पान पडायला हवं. ते उभं आहे. काच आहे, साहेब. ही इतकी स्वच्छ आहे की माणसाच्या डोळ्याला सापडत नाही. येनातल्या एका कारागिराने ती बोटांनी घासली आहे. पण जो उजेड आपल्याला दिसत नाही तो हिला ओलांडता येत नाही. आणि धातूतून वीज काढतो तो तोच." तिने काच वर ओढली. पान पडायला लागलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने श्वास ओढला तो सगळ्यांना ऐकू आला. तिने काच अर्ध्यातच पुन्हा सोडली, पान अर्ध्यातच थबकलं. "थांबलं!" मुली ओरडल्या. ओढली, पडलं.

"गरम हवा," क्लुगेसाहेब म्हणाले. आता ते कंटाळलेले नव्हते. "काच काढल्यावर दिव्याची गरम हवा आत जाते, हेनिगरबाई. तिने पान पडत असेल."

थेक्लाने माल्विनकडे पाहिलं. माल्विनने पुढे येऊन खिशातून रेशमाचं कातरण काढून तिच्या हातात ठेवलं. थेक्लाने काचेचा दांडा रेशमावर घासून पाटीला लावला. "आता पाटीवर धन वीज आहे. गरम हवेला धन काय, ऋण काय, दोन्ही सारखीच. ती दोन्ही घालवते. उजेड फक्त ऋण कण बाहेर काढतो. काच नाही, साहेब, बघा." पान उभं राहिलं. दिवा फुसफुसत राहिला. पान उभंच राहिलं. क्लुगेसाहेब बराच वेळ वाकून बघत होते. सरळ झाले तेव्हा नुसतं "हं" म्हणाले आणि मग, "पुन्हा एकदा करा. सुरुवातीपासून." पुन्हा झाल्यावर आणखी एकदा. जेवायची वेळ टळून गेली होती. दाराशी बाबा नव्हते. माल्विन हलकेच म्हणाली, "खाली गेलेत. जिन्यात यंत्रापाशी उभे आहेत."

ती कोट न घालताच खाली धावली. दोघं घराच्या वाटेला लागली. तिने त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवला नाही, पण दाबलाही नाही. पुलावर आल्यावर म्हणाले, "म्हणजे आयुष्यभर मी भिंती घासत होतो."

तिला जे सुचलं ते सगळं दिलासा देणारं होतं आणि तो नुसता दिलासा आहे हे बाबांना लगेच कळलं असतं. खाली नदीचं पाणी नव्याने चढत होतं. मी हे का केलं, तिला वाटत होतं. एक खोली हवी होती म्हणून. खोटं. ते खरं होतं म्हणून, आणि ते बाबांना माझ्याच तोंडून कळावं म्हणून. हेही पूर्ण खरं नव्हतं. पान पडताना बाबा तिथे असावेत एवढंच तिला हवं होतं. जगातली कुठलीही चांगली गोष्ट बाबा तिथे असल्याशिवाय तिला घडल्यासारखी वाटत नसे.

"अर्ध्यात काच सोडलीस," बाबा अचानक म्हणाले, "तेव्हा पान थांबलं म्हणून मुली ओरडल्या. मला दिसलं नाही. कसं थांबलं? हळूहळू की कापल्यासारखं?"

"कापल्यासारखं."

ते उभे राहिले. मागून येणारी घोडागाडी त्यांना वळसा घालून गेली. "पातळ काच असती तर? कागदासारखी?"

"तपासलं नाही, बाबा."

"तपासलं नाही म्हणजे काय? आठवडाभर काय करत होतीस?" त्यांची बोटं कोटावर गोल फिरायला लागली होती. "आणि शिसं घातलेली? चष्म्याची? शाळा उघडी आहे का अजून?"

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं उलट्या पावली परत गेली, बाबा पुढे, ती मागे, जणू रस्ता त्यांनाच दिसत होता. माल्विन किल्ल्या घेऊन निघालीच होती. "आता काय विसरलं?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, "धांदरट बाई, दिवा पेटवा." मग त्या खोलीत संध्याकाळपर्यंत जे चाललं ते बघून कुणालाही वेड लागलंय असं वाटलं असतं. बाबांनी आपला चष्मा काढून दिला. भोकासमोर धरला, पान उभं. माल्विनच्या घड्याळाची काच, पान उभं. वर्गाच्या खिडकीचं निखळलेलं तावदान, काचेच्या सुरईचा तुकडा, खिशात ठेवलेलं बाबांचं जुनं भिंग. दर वेळी थेक्ला ओरडून सांगायची, "उभं," आणि बाबा मान हलवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. चोरी पकडणाऱ्या माणसाची ती चिकाटी होती. सगळं संपल्यावर त्यांनी चष्मा चाचपून परत घातला. मग म्हणाले, "आईचं लाव."

तिने ब्रोच काढला. पुठ्ठ्याचं भोक दुसऱ्या पुठ्ठ्याने लहान केलं, चकतीएवढं. स्फटिक काचेसारखा दिसतो, पण तो ओतलेला नसतो, डोंगरातून निघतो. पाटी भारली. माल्विननेही श्वास रोखला होता. पान थरथरलं आणि अगदी सावकाश खाली यायला लागलं.

"पडतंय, बाबा."

बाबांनी डोळे मिटले होते. "पडायचंच," ते म्हणाले. "तिला जोर लागत नसे."

क्लुगेसाहेबांनी निकाल दिला तो त्यांच्यासारखाच निघाला: खोली दोघींना, सोमवार आणि गुरुवार पदार्थविज्ञान, बाकी शिवणकाम. पुढे ते वायमारला बदलून गेले आणि महायुद्धाच्या आधीच वारले. टॉप्फबाईंची यंत्रं त्या खोलीत आर्क दिव्याशेजारी वीस वर्षं खडखडत राहिली. धन विजेसाठी रेशीम लागलं की त्या न मागता कात्री चालवायच्या. शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी सोडायची असा तेव्हा नियम होता. तो नियम गेला तेव्हा दोघींनाही लग्नाची घाई राहिली नव्हती. नंतर टॉप्फबाई थेक्लाच्याच घरी राहायला आल्या आणि शेवटपर्यंत तिच्याशी खोलीवरून भांडत राहिल्या. त्या खोलीतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींपैकी तिघी कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेल्या, एक युनिव्हर्सिटीत. बाबांची काच पंचेचाळीस सालच्या मार्चातल्या बॉम्बहल्ल्यात गेली. त्या दिवशी गावात एकही तावदान धड राहिलं नाही. ब्रोच थेक्लाच्या कॉलरला होता, तो राहिला.

बाबा त्या शुक्रवारनंतर आठ-नऊ वर्षं जगले, त्यातली बरीच पूर्ण अंधारात. 'आहे की नाही' हा खेळ त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पण सोमवारी आणि गुरुवारी थेक्ला शाळेतून आली, जिन्यात तिची पावलं वाजली, की खिडकीतून ते विचारायचे, "पडलं?" आणि ती कोट काढायच्या आधी सांगायची, "पडलं, बाबा."